टाईप केलं की बंद

व्हायरस काढून लॅपटॉप घरी आला त्याला एक दिवसही झाला नव्हता, तोवर महानंदाच्या डोळ्यांदेखत तो बंद पडला. मधुमेहाच्या रुग्णांसाठीचं एक माहितीपत्रक ती कन्नडमधून मराठीत आणत होती. ‘पायांची रोज तपासणी करावी’ एवढं लिहून झालं, आणि पडदा निळा झाला. त्यावर एक रडवं तोंड आलं आणि लॅपटॉप आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. पहिलाच दिवस आहे, होत असेल, असं तिला वाटलं. पण दुपारपर्यंत हे चारदा झालं, आणि चौथ्या वेळी दीड पान मजकूर गेला.

महानंदा मूळची निपाणीची. बसवंतशी लग्न करून बेंगळुरूला आली त्याला एकोणीस वर्षं झाली. मुलगी शिकायला धारवाडला. बसवंत होसकोटेच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होता. सकाळी साडेसहाला कंपनीची बस, संध्याकाळी साडेसातला परत. सर्जापूर रोडवरच्या त्या फ्लॅटमध्ये दिवसभर ती, तिचा लॅपटॉप आणि दवाखान्यांची पत्रकं.

लॅपटॉप हळू झाला होता, मध्येच जाहिराती उघडत होत्या, म्हणून तिनं तो कोरमंगलाला शिवकुमारच्या दुकानात दिला होता. शिवकुमारनं दोन दिवस ठेवून घेतला. “तीन घाणेरड्या गोष्टी निघाल्या अक्का, तिन्ही साफ केल्या,” असं सांगून परत दिला.

आता तिला ते दोन दिवस खुपायला लागले. दोन दिवस कशाला लागतात? तिनं लॅपटॉप पालथा केला. तळाच्या स्क्रूंपैकी एक बाकीच्यांपेक्षा जास्त चकचकीत होता. तो आधीपासून तसा होता का, हे आठवायचा तिनं खूप प्रयत्न केला. कोण कधी लॅपटॉपचा तळ बघतो? मग तिनं आरशावरची एक टिकली काढली आणि पडद्यावरच्या कॅमेऱ्यावर चिकटवली.

संध्याकाळी बसवंतला सांगितलं, तर त्यानं शर्ट बदलता बदलताच निकाल दिला.

“रॅम काढून घेतली असंल बघ. आमच्या कंपनीत एकाचं असंच झालं. चांगली काढतात, जुनी घालतात.”

“पण आठ जीबी होती, आठच दाखवतंय की.”

“आठ तर आठ. पण तुझीच कशावरनं?”

हे मात्र तिच्या मनात रुतून बसलं. बसवंत पुढं म्हणाला, “परत त्याच्याकडं जाऊ नको. रविवारी नवीनच घेऊ.”

तिला बरं वाटलं, आणि थोडं नवलही. मिक्सर बदलायचा तर दोन महिने विचार करणारा हा माणूस. पण अलीकडं तो बदलला होता खरा. आधी घरी आला की मोबाईलमध्ये तोंड घालून बसायचा, चार वाक्यं बोलला तरी खूप. पावसाळ्यापासून मात्र त्याला काहीतरी उमगल्यासारखं झालं होतं. ‘आज दमलीस, बाहेरनं मागवू’ म्हणायचा. ‘चल, तळ्याकडं एक फेरी मारू’ म्हणायचा. तिनं तोंडातून शब्द काढायच्या आत. धाकट्या बहिणीला, पवित्राला, तिनं मेलमध्ये कळवलंही होतं की एवढ्या वर्षांनी ह्यांना माझं मन वाचता यायला लागलंय. पवित्राच्या सासरी फोनवर मोकळं बोलता यायचं नाही, म्हणून दोघी बहिणी एकमेकींना लांबलचक मेल लिहायच्या.

रविवार पाच दिवसांवर होता आणि पत्रक शुक्रवारी द्यायचं होतं. महानंदानं अनुवादकाच्या सवयीनं एक वही घेतली आणि लॅपटॉप कधी बंद पडतो, त्या वेळी आपण काय करत होतो, ते लिहायला लागली. सव्वादहा, टाईप करताना. दहा चाळीस, टाईप करताना. अकरा ते बारा, संपादक अहल्याबाईंबरोबर व्हिडिओ मीटिंग, एकदाही बंद नाही. सव्वाबारा, टाईप करताना. दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम दोन तास स्वयंपाकाचे व्हिडिओ लावून ठेवले. लॅपटॉपनं हूं की चूं केलं नाही. मग पवित्राला दोन ओळी लिहायला घेतल्या आणि सातव्या मिनिटाला निळा पडदा.

रॅम खराब असेल तर ती फक्त टाईप करतानाच कशी खराब होते?

आता संशयाला वेगळाच फाटा फुटला. त्या शिवकुमारनं आत काहीतरी घालून ठेवलं असणार. आपण काय लिहितो ते बघणारं. बँकेचा पासवर्ड, पवित्राची पत्रं, सगळं. तिला एकदम अंगावरून झुरळ फिरल्यासारखं वाटलं. गुरुवारी सकाळी बसवंतला काही न सांगता ती रिक्षात बसली.

शिवकुमारचं दुकान म्हणजे एका पीजी हॉस्टेलच्या जिन्याखालची खोली. चाळिशीचा माणूस, गळ्यात चष्म्याची दोरी. महानंदानं लॅपटॉप काउंटरवर ठेवला, पण हात त्याच्यावरून काढला नाही.

“ह्यावेळी इथंच उघडायचा,” ती कन्नडमध्ये म्हणाली. “माझ्यासमोर. आत न्यायचा नाही.”

शिवकुमारनं तिच्याकडं पाहिलं, कॅमेऱ्यावरच्या टिकलीकडं पाहिलं, आणि त्याला सगळं समजलं. चेहरा पडला त्याचा. पण तो एवढंच म्हणाला, “सरी अक्का, ठीक आहे. खुर्ची घ्या. काय होतंय ते सांगा.”

तिनं वही पुढं केली. त्यानं आधी नुसती चाळली, मग चष्मा लावून पहिल्यापासून वाचली.

“हे तुम्ही लिहिलंय? एवढं लिहून आणणारं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही.” त्यानं लॅपटॉप सुरू करून तिच्याकडं वळवला. “लिहा काहीही.”

ती लिहीत राहिली. नवव्या मिनिटाला पडदा निळा झाला. शिवकुमारनं मान हलवली, पुन्हा सुरू करून एक फाईल उघडली. बंद पडताना लॅपटॉप स्वतःच एक टिपण ठेवतो, कशामुळं पडलो त्याचं, असं त्यानं तिला सांगितलं. टिपणात एक लांबलचक नाव होतं. मग त्यानं व्हायरस काढताना निघालेल्या तीन गोष्टींची यादी उघडली. पहिल्या दोन जाहिरातींच्या होत्या. तिसऱ्यापाशी त्याचं बोट थांबलं.

“इथं माझी चूक झाली अक्का. तीन निघाल्या म्हणून तिन्ही उडवल्या, तिसरी काय आहे ते नीट बघितलं नाही. हा व्हायरस नव्हता. विकत मिळणारा प्रोग्राम आहे, दुसरा काय लिहितोय त्यावर लक्ष ठेवायचा. मी वरचा भाग काढला, आणि कीबोर्डला चिकटलेला तुकडा आतच राहिला. तुम्ही टाईप केलं की तो आपल्या धन्याला शोधतो, धनी सापडत नाही, आणि सगळं कोसळतं.”

“तुम्हीच घातला असेल तो,” महानंदा म्हणाली. आवाज तिला वाटला होता तेवढा करडा निघाला नाही.

शिवकुमारनं पडद्यावरची तारीख दाखवली. प्रोग्राम बसवल्याची. चौदा जून. लॅपटॉप त्याच्या दुकानात पहिल्यांदा आला तो त्यानंतर आठ महिन्यांनी, ह्या फेब्रुवारीत.

“हा आपोआप येत नाही अक्का. बसवायला लॅपटॉप हातात लागतो, आणि पासवर्ड लागतो.”

चौदा जून. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. ती आठ दिवस निपाणीला होती आणि लॅपटॉप घरीच राहिला होता. पासवर्ड म्हणजे मुलीचं नाव आणि जन्माचं वर्ष. तिला उत्तर कळलं होतं, तरी तिनं विचारलं, “बघतो कोण, ते कळतं का?”

“अहवाल कुठल्या मेलवर जातात ते ह्यात लिहिलेलं असतं.” त्यानं एक फाईल उघडली, एकदाच नजर टाकली आणि पडदा तिच्याकडं फिरवला. “मी चहा सांगून येतो,” असं म्हणून तो उठून बाहेर गेला.

पत्ता बसवंतचा होता. ते खातं महानंदानंच त्याला उघडून दिलं होतं, कंपनीचा फॉर्म भरताना हवं होतं म्हणून.

शिवकुमार परत आला तेव्हा ती हात मांडीवर ठेवून बसली होती. तिनं सांगितलं, ती फाईल छापून द्या आणि उरलेला तुकडा काढून टाका. काढायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मग त्यानं तिला पुन्हा लिहायला बसवलं. मधुमेही रुग्णांनी अनवाणी चालू नये, नखं सरळ कापावीत, जखमेकडं दुर्लक्ष करू नये; पाऊण तास ती लिहीत राहिली आणि लॅपटॉप मुकाट्यानं चालत राहिला.

“तुमच्यावर संशय घेतला मी,” निघताना ती म्हणाली.

“सगळे घेतात अक्का. उघडायला दिलेली वस्तू. मीही घेतला असता.”

परतताना रिक्षात तिला एकेक आठवायला लागलं. लॅपटॉप दुकानात होता तेव्हा बसवंतनं दोनदा विचारलं होतं, “काय काय काढलं त्यानं? यादी दिली का?” आणि परत त्याच्याकडं जाऊ नको म्हणून तो आग्रह. पण ह्या सगळ्यापेक्षा तिला तळ्याकडच्या फेऱ्या आठवत होत्या. जूनच्या शेवटी तिनं पवित्राला लिहिलं होतं की ह्या घरात माझ्याशी कुणी बोलत नाही, मी भिंतीसारखी झालेय. त्याच आठवड्यात तो म्हणाला होता, चल, फेरी मारू. दमल्याचं लिहिलं की बाहेरून जेवण यायचं. मन वाचत नव्हता तो. पत्रं वाचत होता. रागाआधी तिला लाज वाटली, एवढी खूश झाल्याची.

संध्याकाळी बसवंत आला. टेबलावर लॅपटॉप सुरू होता आणि शेजारी छापलेला कागद.

“गेलतीस त्याच्याकडं?” त्यानं दारातूनच विचारलं.

“गेलते. रॅम माझीच आहे.”

तो टेबलापाशी आला, कागद वाचला आणि डबा हातात तसाच धरून खुर्चीवर बसला. महानंदानं त्याला मदत केली नाही.

“दार लावून फोनवर हसत असायचीस,” शेवटी तो म्हणाला. “मी आलो की ठेवायचीस.”

“अहल्याबाई होत्या त्या. कामाचं बोलणं असतंय. तुम्ही दमून येता म्हणून ठेवत होते.”

“ते कळलं नंतर. पहिल्याच आठवड्यात कळलं.”

“मग आठ महिने कशाला वाचत बसलात?”

बसवंतनं डबा खाली ठेवला. “काही सापडलं नाही, म्हणून थांबायला पाहिजे होतं. पण त्यात तू माझ्याबद्दल लिहायचीस. माझ्याशी जे बोलत नव्हतीस ते. ते मला दुसरीकडं कुठं मिळणार होतं?”

“विचारायचं होतं.”

“विचारलं असतं तर सांगितलं असतंस? त्या दवाखान्यातल्या नोकरीचं सांगितलंस का?”

ती दचकली. कोरमंगलाच्या एका मोठ्या दवाखान्यात अनुवादकाची जागा निघाली होती. तिनं अर्ज केला होता आणि खरंच ह्याला सांगितलं नव्हतं. मुलाखत ठरली की सांगू, असं ठरवलं होतं. क्षणभर तिला वाटलं की आपणही लपवतोच की. मग तिच्या लक्षात आलं की हे वाटावं म्हणूनच त्यानं ते काढलं, आणि तिला पहिल्यांदा खरा राग आला.

“मी सांगितलं नाही, ती माझी गोष्ट होती,” ती म्हणाली. “तुम्ही माझ्या पाठीमागं उभं राहून वाचत होता आणि त्या बिचाऱ्या शिवकुमारला चोर ठरवत होता. मीसुद्धा ठरवलं. भर दुकानात त्याला म्हटलं, तुम्हीच घातला असेल.”

“मी चुकलो,” बसवंत म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, “पण फिरायला नेलं ते खोटं नव्हतं.”

“असंल. मला आता ते ठरवता येत नाही, एवढंच.”

तिनं त्याच्यासमोरच पासवर्ड बदलला, आणि तो मान वळवून बसून राहिला. शनिवारी ती निपाणीला आईकडं गेली आणि पवित्रालाही तिथं बोलावून घेतलं. पवित्राला तिनं सगळं मेलमधून नाही, समोर बसून सांगितलं. पवित्रा म्हणाली, इथंच राहा काही दिवस. ती नऊ दिवस राहिली. दहाव्या दिवशी मुलाखत होती, म्हणून परतली.

नोकरी मिळाली. दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर तिला एक टेबल मिळालं, शेजारी कन्नड आणि तेलुगूवाल्या दोघी. घरी बसवंत आणि ती एकमेकांशी जपून बोलत होते. तो आता आपल्या कारखान्यातलं काहीबाही सांगायचा, कुणी विचारलेलं नसताना. ती ऐकायची.

दुसऱ्या आठवड्यात दुपारी त्याचा फोन आला. कामाच्या वेळेत त्यानं कधी फोन केला नव्हता.

“काय करायलीस?”

“भाजण्याचं पत्रक लिहितेय. लहान मुलांचं.”

“बरं.” तो घुटमळला. “कशी आहेस, असं विचारायचं होतं.”

महानंदानं पेन खाली ठेवलं. पायाला नवीन चपलेचा फोड आला होता, निपाणीची आठवण येत होती आणि काम मनासारखं होतं. ह्यातलं किती सांगावं याचा तिनं विचार केला.

“पायाला फोड आलाय,” ती म्हणाली. बाकीचं तिनं ठेवून दिलं.