पातळ खीर

हॉस्पिटलात रोबोटनं ऑपरेशन करून माझ्या जिभेच्या मुळाची गाठ काढली, तेव्हापासून जो येतो तो माझ्याशी ओरडूनच बोलतो. अरे, घसा कापलाय, कान नाही! पण सांगू कसं? बोलायला बंदी, नाकात जेवणाची नळी, आणि वाकोल्याच्या या खोलीत भिंतीला चिकटलेली खाट. कोंडून घातलंय मला.

पवईच्या एका कॅन्टीनमध्ये मी स्वयंपाकी. अख्ख्या ऑफिसच्या आमटीचं मीठ या धोंडिरामच्या जिभेवर ठरायचं. आता बायको, जया, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून गिळायच्या सरावाला घट्ट दही चमच्याच्या टोकावर देते, तर चुना चाटल्यासारखं लागतं. चवच कायमची गेली तर मी कोण? जीव नुसता टांगणीला लागलाय.

आज बुद्धपौर्णिमा. धाकटी बहीण शकु मुलुंडहून खिरीचा डबा घेऊन आली आणि तो दाणकन माझ्या पाटीवर ठेवला. झालं, लिहायची सोयही गेली.

“दादा, मुद्दाम पातळ केलीय. आपोआप उतरेल घशाखाली.”

वाट लागली! पातळच तर बंद आहे मला. पातळ पटकन श्वासनळीत जातं आणि थेट फुफ्फुसात. मी जोरजोरात हात हलवले.

“बघा, कसा उतावीळ झालाय! सुजातानं बुद्धाला खीर दिली होती ना, तशी मी तुला देते.”

अगं बये, बुद्धाचा घसा कुणी कापला नव्हता! तेवढ्यात चमचा तोंडात शिरलाच.

आता? गिळावी तर मरण. थुंकावी तर पौर्णिमेची खीर, समोर बुद्धाची तसबीर, आणि शकुचे डोळे भरून आलेले. मान खाली घालून, गाल फुगवून तसाच बसलो. शकु पाठ चोळत म्हणत होती, “गिळ ना रे.” मला दरदरून घाम फुटला.

जया आतून आली. माझ्याकडे एकदा बघितलं आणि तळहात हनुवटीखाली धरला. “अहो, थुंका.”

थुंकलो. शकु रडायलाच लागली. “एवढ्या मायेनं आणली होती गं वहिनी!”

मी डबा ढकलला, पाटी ओढली. लिहिलं आणि दोघींपुढे धरलं.

‘साखर जास्त झालीय.’

“आणि वर नावं ठेवतोस?” शकु फणकारली. जया मात्र हातावरची खीर तशीच घेऊन खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली.