छत्रीवाली बकरी

मित्रांनो, टीव्हीखालच्या फळीवर ती करडी, पिवळी पडलेली कॅसेट दिसते ना, ती मी. व्हिडिओ गेमची जुनी कॅसेट. माझ्या पाठीवरच्या चित्राचा एक कोपरा उचकटला आहे, पण पोटातले चौघे अजून शाबूत आहेत: टोपीवालं मांजर, ढेरपोट्या अस्वल, तिरळा ससा आणि छत्रीवाली बकरी. तुमच्या आजीआजोबांच्या लहानपणी हे चौघे सिनेमा सुरू होण्याआधीच्या कार्टूनमध्ये धुडगूस घालायचे. पुढे कुणीतरी त्यांना माझ्यात आणून बसवलं. कारखान्यातल्या एका बाईने भिंगातून पाहत माझे बारीक सांधे वितळलेल्या कथिलाचा डाख देऊन जोडले, वर झाकण लावलं, आणि मी दुकानात गेले.

मला विकत घेतलं छापखान्यात काम करणाऱ्या एका बाबांनी. त्यांचं घर दोन खोल्यांचं. घरात आई, थोरली, धाकटी आणि बाबांची बहीण, म्हणजे मुलींची आत्या. आत्या दिवसभर लॉन्ड्रीत उभी राहून इस्त्री करायची आणि संध्याकाळी घरी आली की कॉटवर मांडी घालून खेळाचा चौथा रिमोट हातात घ्यायची. मांजर बाबांचं, अस्वल थोरलीचं, ससा धाकटीचा आणि बकरी आत्याची. आई काही खेळायची नाही. ती भाजी निवडत माझ्या नावाने बोटं मोडायची.

माझ्या खेळाची एक रीत आहे. चौघांपैकी एक जरी मागे राहिला, तरी पडदा पुढे सरकत नाही. आणि आत्या तर कायम मागे. बाकीचे तिघे उजव्या कडेला उड्या मारत खोळंबायचे. बकरी चरायला थांबली का, असं थोरली खोचकपणे विचारायची.

"आले गं बाई, आले. पुढे काय पान वाढून ठेवलंय?" आत्या म्हणायची, आणि आपल्याच चालीने यायची.

बकरीला कुणी हलवलं नाही, की ती छत्री उघडते, तोंड वळवते आणि पडद्याबाहेर टक लावून पाहत राहते. तिला तसंच बनवलेलं आहे. तेव्हा सगळे पोट धरून हसायचे.

मग आत्या आजारी पडली. दवाखान्यात गेली, ती परत आलीच नाही. मला खणात ठेवून दिलं.

बऱ्याच दिवसांनी, एका सुट्टीच्या दुपारी, धाकटीने मला बाहेर काढलं. फुंकर मारली, गेमच्या डब्याच्या खाचेत बसवलं आणि चारही रिमोट जोडले. चौथ्याची वायर काढली की खेळ तिघांचा होतो, आणि मग कुणासाठी थांबावं लागत नाही. म्हणून बाबांनी हात पुढे केला. धाकटीने तो धरला. आत्याचा रिमोट कॉटवरच राहील आणि त्याला कुणी हात लावायचा नाही, असं तिने बजावलं.

तिघे धावत कडेपर्यंत गेले आणि थांबले. मागे, खड्ड्याच्या अलीकडे, बकरीने छत्री उघडली आणि ती खोलीकडे पाहू लागली. कुणी हसलं नाही.

मग दर सुट्टीला हेच. थोडा वेळ तिच्याकडे बघत बसायचं आणि बंद करायचं. थोरली वैतागायची. ती येईल, एवढंच धाकटी म्हणायची. आई तर टीव्हीकडे पाठ करून बसू लागली.

आणि एका दुपारी बकरीने छत्री मिटली. ती चालू लागली. रिमोट कॉटवर होता तसाच पडलेला होता. त्याच्या आसपास कुणी नव्हतं.

"आली," धाकटी हळूच म्हणाली.

पण बकरी थांबली नाही. सरळ गेली आणि खड्ड्यात पडली. माझ्यात प्रत्येकाला तीन जीव असतात. ते संपले की तो खेळातून जातो आणि उरलेल्यांची वाट मोकळी होते. बकरी पुन्हा उभी राहिली, पुन्हा चालली, पुन्हा पडली.

बटण अडकलं असेल, असं बाबा म्हणाले खरे, पण त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

शेवटचा जीव उरला. बकरी चालू लागली.

"जाऊ दे तिला," थोरली म्हणाली. "निदान आपण तरी पुढे जाऊ." आणि तिलाच हुंदका फुटला.

धाकटीने हातातला रिमोट टाकला, कॉटकडे झेप घेतली आणि आत्याचा रिमोट उचलला. खड्ड्याच्या अगदी काठावरून बकरीने उडी मारली आणि ती पलीकडे पोचली. तरी पडदा हलेना, कारण आता ससा बेवारशी झाला होता. तेव्हा आईने हात पुसले आणि खाली पडलेला रिमोट उचलला.

"कुठलं दाबायचं गं?" तिने विचारलं.

पडदा सरकला. चौघे पुढे निघाले.

"बाबा, बकरीच पुढे ओढतेय," धाकटी म्हणाली. "मी दाबतच नाहीये."

दुसऱ्या दिवशी मुली शाळेत गेल्यावर बाबांनी तो रिमोट उघडला. आतलं रबर चांगलं होतं, बटणं नीट वर येत होती. काहीच बिघडलेलं नाही, असं त्यांनी आईला सांगितलं. "मग लावून टाका झाकण," आई म्हणाली. मीही माझं पोट चाचपून पाहिलं. बकरीने आपणहून चालावं, असं माझ्यात कुणी घातलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणाचीतरी एखादी जुनी वस्तू असेल. तिच्यावरची धूळ पुसा, तिला ओल लागू देऊ नका. पण गेलेल्या माणसाची म्हणून तिला हात लावायचा सोडू नका. तिला उचला, वापरा, झिजू द्या. आम्ही पुष्कळ वाट पाहतो. पण पाहून पाहून एक दिवस आम्ही एकट्याच चालू लागतो, आणि पुढे खड्डा आहे हे आम्हाला दिसत नाही.