नखांमधली गोचीड

दुकान दोघी बहिणींचं. मोठी कुत्र्यांचे केस कापायची, धाकटी त्यांना आंघोळ घालायची. स्वच्छतेबद्दल कुणी ब्र काढलेला मोठीला खपायचा नाही. आता कुत्रं म्हटलं की गोचीड आलीच, त्यात लपवायचं काय! पण नाही. गोचीड सापडली की गिऱ्हाइकाकडे पाठ करायची, दोन नखांमध्ये चिरडायची आणि मुकाट्याने हात धुवायचे. धाकटीला हे मोठीनेच शिकवलेलं.

धाकटीला ताप भरला. अंगठ्यावर फोड येऊन चिघळला, काखेत लिंबाएवढी गाठ आली. पाचव्या दिवशी धाप लागली, तेव्हा कुठे तिला दवाखान्यात दाखल केलं.

"गोचीड वगैरे चावली होती का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

शेजारी उभी असलेली नर्स नेमकी दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. मोठी घाईघाईने म्हणाली, "छे हो, आमच्याकडे कुठली गोचीड!" आणि चावली नव्हतीच की, असं तिने स्वतःलाही पटवलं.

दोन दिवस औषधं चालली, पण ताप हटेना. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काहीतरी निसटतंय आमच्या हातून." मोठी धाकटीच्या कानाशी वाकली. "मी सांगून टाकते गं."

धाकटीने तिचं मनगट धरलं. "नको ताई. तू घरी गेलीस तेव्हा त्यांनी मलाही विचारलं होतं. मीपण नाहीच म्हणाले. दुकान बसेल ना आपलं."

"खड्ड्यात गेलं दुकान!" मोठी अनवाणीच धावत सुटली.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "चावायलाच हवी असं नाही. चिरडली तरी जंतू कातडीतून आत जातात. हा आजार आम्हाला वर्षानुवर्षं दिसत नाही, गोचिडीचं कळल्याशिवाय सुचतही नाही, म्हणून तर विचारलं होतं." इंजेक्शन बदललं.

"होईल ना हो बरी?"

"हे पहिल्याच दिवशी सुरू व्हायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी गेली.

नर्सने नळ्या काढल्या, चादर सारखी केली. तिचेही डोळे भरले होते. "माझ्यासमोर बोलायला संकोचलात होय?" ती म्हणाली. "अहो, आमच्या कुत्र्याला गोचिडी होतात हे मला ठाऊक नाही का? तुमची धाकटी त्या चांगल्या काढते, म्हणूनच तर आणत होते मी त्याला."