बदललेली खाट

मोहाडी तालुक्यातल्या एका छोट्या सरकारी दवाखान्यात रत्नमाला अकरा वर्षं नर्स होती. त्या सकाळी तिनं तीन नंबरच्या खाटेवरच्या बाईला इन्सुलिन टोचलं. तासाभरात बाई घामानं चिंब झाली, जीभ जड पडली. रत्नमालानं केसपेपरवरचं नाव पाहिलं. इन्सुलिन होतं कालपर्यंत त्या खाटेवर असलेल्या मंगलाबाईंचं आणि खाटेवर होत्या करडी गावच्या जानकीबाई. त्यांना साखरेचा आजारच नव्हता.

शिरेतून ग्लुकोज गेलं. दुपारपर्यंत जानकीबाई सावरल्या.

दवाखान्याच्या प्रमुख डॉ. तेजस्विनी रत्नमालाला नोटीस लिहायला बसल्या. रत्नमाला म्हणाली, "चूक माझीच आहे मॅडम, नाव न विचारता टोचलं. पण खाट बदलली कधी, ते मले अजून कळलं नाही."

दारात फरशी पुसणारी बेबीबाई थांबली. "पंखा बंद होता म्हणून त्या दोघींनी सकाळीच खाटा बदलल्या. सिस्टर सुई घेऊन आल्या तवा मी तिथंच होती."

"मग बोलली काहून नाही?" मॅडम ओरडल्या.

"झाडूवालीनं सिस्टरले शिकवावं का?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मागच्याच आठवड्यात औषधं देणारा संघपाल काही सांगायला आला होता, तेव्हा 'नंतर या' म्हणून त्यांनीच त्याला परत पाठवलं होतं. नोटीस काही त्यांनी फाडली नाही, पण जबाबदार म्हणून आपलं नावही त्यात लिहिलं.

संध्याकाळी मॅडम आणि रत्नमाला जानकीबाईंच्या खाटेजवळ बसलेल्या त्यांच्या मुलाकडे, धर्मेंद्रकडे गेल्या. रत्नमालानं सगळं सांगितलं.

"माय गेली असती त?" तो म्हणाला.

तो आईचे पाय दाबू लागला. मग म्हणाला, "दुसऱ्या कोनाच्या मायले असं होऊ देऊ नका."

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर, नर्स, संघपाल आणि बेबीबाई मिळून वॉर्डात फिरू लागले. सुई टोचण्याआधी पेशंटच्या तोंडून नाव ऐकायचं, हा नियम झाला. बेबीबाई तीन दिवस पदर तोंडाला लावून गप्प उभी होती. चौथ्या दिवशी रत्नमालानं मंगलाबाईंचं इन्सुलिन भरलं, तेव्हा ती हळूच म्हणाली, "थांबा सिस्टर. या बाईनं सकाळपासून काहीच नाही खाल्लं."

रत्नमालाचा हात थांबला; उपाशीपोटी इन्सुलिन गेलं असतं तर मंगलाबाईंची साखर एकदम उतरली असती. क्षणभर तिला राग आला, मग लाज वाटली. तिनं सुई ट्रेमध्ये ठेवली आणि मंगलाबाईंच्या शेजारी बसून विचारलं, "काहून नाही जेवल्या, माय?"