पाटीवरचे तीनशे एकवीस

"बोर्डाला कुणी हात लावायचा नाही. लावला तर तो आहे आणि मी आहे."

काकू बोर्डाकडे पाठ करून उभ्या होत्या. मुठीत दाबलेल्या खडूचे दोन तुकडे झाले होते. डोक्यामागे सुनेने मारलेले तीन डार्ट रुतलेले, आणि शेजारच्या पाटीवर त्यांच्याच हातचा आकडा, तीनशे एकवीस. सगळा घोळ त्या आकड्याचा.

खेळ तसा सोपा. पाचशे एकपासून निघायचं, लागतील तेवढे गुण वजा करत शून्यावर यायचं, आणि शेवटचा डार्ट कडेच्या दुपटीच्या पट्टीतच बसला पाहिजे. एका पाळीला तीन डार्ट. कमीत कमी नवात डाव संपतो. आठात देवालाही जमायचं नाही, असं काकूंचे मालक म्हणायचे. पण नवात संपवायचा तर नऊच्या नऊ बोटापेक्षा अरुंद पट्ट्यांत बसावे लागतात. एक केसभर सरकला की बाकीचे आठ सोन्याचे असून उपयोग नाही. सोफ्याची शिवण वाकडी गेली तर उसवून परत घालता येते. इथे उसवायची सोय नाही.

शिवणीचं काकूंना कळायचं. घरचं दुकान सोफे-खुर्च्यांना कापड चढवायचं. सून अकरा वर्षं मशीनवर, आणि अकरा वर्षं काकू चष्मा लावून तिच्या पाठीमागे. टाका सापडायचाच. "चालून जाईल" हे दोन शब्द त्या दुकानात बोलायची सोय नव्हती.

आज दुपारी क्लबच्या हॉलमध्ये सून उभी राहिली ती एका बस ड्रायव्हरसमोर. पाटी लिहायला काकू. पहिले तिन्ही डार्ट विसाच्या तिपटीच्या पट्टीत, प्रत्येकी साठ गुण. एकशे ऐंशी गेले, काकूंनी पाटीवर ३२१ लिहिले. दुसरे तिन्ही तिथेच, एकमेकांना खेटून. आता १४१ लिहायचे होते. काकूंनी खडू खाली ठेवला.

त्याला कारण होतं. बावीस वर्षांपूर्वी मालकांचे असेच सहा लागले होते. काकूंनी कौतुकाने आकडा लिहिला, खडू करकरला, आणि मालकांचा सातवा भिंतीत. पुढे माणूस मरेपर्यंत म्हणत राहिला, "माझ्या नशिबात सगळं होतं, फक्त बायकोचा खडू ओला नव्हता." तेव्हापासून हॉलमध्ये काकूंचा कायदा: सहा लागले की खडू खाली. कायदा बावीस वर्षं जुना, वापर आज पहिल्यांदा.

सुनेने विसाची तिप्पट घेतली, एकोणिसाची तिप्पट घेतली, आणि नववा डार्ट बाराच्या दुपटीत असा बसला, जणू ती जागा त्याच्यासाठीच राखून ठेवली होती. हॉल दणाणला. आणि त्या गोंगाटातून नियमांचं पुस्तक छातीशी धरून काकूंचा धाकटा दीर आला. क्लबचा सेक्रेटरी तोच.

"वहिनी, पुढची पाळी सुरू व्हायच्या आत पाटी दुरुस्त झाली नाही, तर पाटीवरचं खरं. पाटीवर तीनशे एकवीस. त्यातले एकशे एक्केचाळीस गेले. उरले एकशे ऐंशी."

"अहो साहेब," ड्रायव्हर म्हणाला, "हरलेला मी. माझं काही दुखत नाही, तुमचं काय दुखतंय?"

"डाव तुम्ही सोडू शकता. भिंतीवरची नोंद नियमानेच होते."

भिंतीवर फळी एकच होती. सर्वांत कमी डार्टमध्ये डाव, दहा. खाली दिराचं नाव.

"भाऊजी," काकू म्हणाल्या, "अठरा वर्षं त्या फळीवर लोळताय. अंग दुखत नाही?"

"मी नियम सांगतोय वहिनी. सूनबाईंनी परत मारून दाखवावं. हात चांगला आहे, लागतील."

सून पुढे आली. "नाही मारणार, काका. झालंय ते झालंय."

"मग एकच वाट. पाटी लिहिणाऱ्याने लेखी द्यायचं, की चूक त्याची. मी समितीकडे पाठवतो." आणि दीर निवांत हसला. वहिनीला तो चाळीस वर्षं ओळखत होता. ह्या बाईने भिंतीला डोकं आपटलं तर माफी भिंतीने मागायची.

काकूंची कानशिलं तापली. दिराचा राग आला, त्याच्या पुस्तकाचा आला, आपला टोमणा मागे ठेवून मेलेल्या नवऱ्याचा आला. सुनेचाही आला, कारण तिच्यात राग धरायला जागा सापडेना. त्यांनी मनातल्या मनात नऊ डार्ट पुन्हा तपासले, चष्मा लावून शिवण तपासतात तसे. कुठे खोट नव्हती. अख्ख्या डावात वाकडा टाका एकच, आणि तो त्यांचा.

"आई, मी लिहिते," सून हळूच म्हणाली. "तुम्ही नुसती सही करा."

"गप बस. तुझं काम तू केलंस."

आकडे काकूंना पाण्यासारखे, पण अक्षरांशी त्यांचं कधी जमलं नव्हतं. दोन वर्षांची शाळा ती. त्या पाटीकडे वळल्या. ३२१ वर काट. खाली १४१. त्यावर काट. खाली शून्य, चांगलं ठसठशीत. मग खडूचा तुकडा घट्ट धरून, एकेक रेघ ओढत, "चूक माझी". अख्खा डाव खेळून झाला असता, एवढा वेळ लागला. खडू करकरत होता. कुणी हसलं नाही.

"काढा फोटो, भाऊजी," त्या म्हणाल्या. "पाठवा तुमच्या समितीला. आणि ती फळी उतरवायला शिडी लागेल, ती आमच्या दुकानातून घेऊन जा."

दिराने फोन काढला. पुस्तक काखेत मारून पाटीचा फोटो घेतला.

सुनेने बोर्डातले तिन्ही डार्ट सावकाश उपसले आणि पाटीजवळ येऊन, मान तिरकी करून, वाचत उभी राहिली. अगदी काकू मशीनमागे उभ्या राहतात तशी.

"आई, शेवटचं अक्षर जरा तिरकं गेलंय."

काकूंनी तिच्याकडे असं पाहिलं की ड्रायव्हर दोन पावलं मागे सरला.

"पुसून परत लिहू?"

"नको," सून म्हणाली. "चालून जाईल."