बाजारच्या दिवशीचा सत्कार

शहागडात कुणाला सरकारी कागद वाचून घ्यायचा असला, की तो अप्पाराव गुरुजींच्या ओट्यावर येई. गुरुजींनाही ते आवडे. चार माणसांनी आपल्याला विचारावं याचं त्यांना व्यसनच होतं म्हणा ना. म्हणून शेजारची चतुराबाई पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "गुरुजी, त्या फायनान्सवाल्याकडं पैसे ठिवू का? त्याला सरकारची परवानगी हाये का न्हाई, तेवढं बघता का?" तेव्हा गुरुजी एका पायावर तयार झाले.

ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. चतुराबाईचा नवरा वसंता ट्रक चालवायचा, तो हायवेवरच अपघातात गेला. अंबडच्या कोर्टात खेटे घालघालून तिला नुकसानभरपाई मिळाली होती. घरात दोन पोरी, आणि नावावर गुंठाभर जमीन नाही. "ह्यो पैसा न्हाई गुरुजी, पोरींचा बाप हाये त्यो," असं ती म्हणायची. तो कुठं ठेवावा या काळजीनं तिला झोप लागत नव्हती.

स्टँडजवळच्या गाळ्यात 'नवदीपमाला फायनान्स' थाटलेली होती. खाली सतरंजी, वर पंखा, कोपऱ्यात थंड पाण्याचा माठ, आणि भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये राजमुद्रेचा इंग्रजी कागद. गावातलाच बद्रीनाथ, जो कालपरवापर्यंत बी-बियाणं विकत होता, तो आता सफारी घालून एजंट झाला होता. बँकेच्या निम्म्या मुदतीत पैसे दुप्पट! आता मजा अशी, की गावाला शहाणपण शिकवणाऱ्या गुरुजींनी स्वतः मात्र कुणाला काडीचं न विचारता बेबीनंदाच्या, म्हणजे लेकीच्या, लग्नाचे पैसे तिथंच ठेवले होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

साडूच्या ओळखीचे एक साहेब औरंगाबादला बँकेत होते. गुरुजींनी फ्रेममधला मजकूर उतरवून नेला होता. साहेबांनी तो वाचला, मुंबईला फोन लावला, बराच वेळ हं हं केलं आणि चष्मा काढला.

"गुरुजी, हा कागद म्हणजे कंपनी काढल्याची नोंद. ती कुणीही करू शकतं. लोकांच्या ठेवी घ्यायच्या तर रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी लागते, आणि ती यांच्याकडे नाही. कुणाचे असतील तर काढून घ्यायला सांगा."

"कुणाचे असतील तर" हे शब्द घेऊनच गुरुजी स्टँडवर आले. परतीच्या बसमध्ये त्यांनी पक्कं ठरवलं, की उतरल्याबरोबर आधी चतुराबाईचं दार गाठायचं. पण पैठण फाटा मागं पडला तसा मनात दुसरा विचार शिरला. आज आपण बोललो, तर उद्या सकाळी गाळ्यापुढं अख्खं गाव उभं राहील, आणि शटर खाली येईल. मग बेबीनंदाच्या लग्नाचं काय? वैशाखातली तारीख धरलेली. आधी आपले काढू, मग सांगू. एका दिवसानं काय होतंय?

माणूस वाईट नव्हता हो. एवढंच, की त्यानं स्वतःची पाळी आधी लावली.

"चतुराबाई दोनदा येऊन गेली," घरात पाय ठेवताच त्यांच्या पत्नी गिरिजाबाईंनी सांगितलं.

"उद्या बोलतो तिच्याशी," गुरुजी म्हणाले आणि न जेवताच आडवे झाले.

सकाळी बद्रीनाथनं आढेवेढे घेतले नाहीत. उलट तो हसला. "लेकीचं लगीन हाये, मंग पैसे न्हाई का देनार? बिलकुल देतो. फकत बाजारच्या दिवशी देऊ, चार लोकांसमोर. मुदतीच्या आधी पैसा देनारी कंपनी हाये, कळू द्या की लोकायला."

गुरुजींना यातलं इंगित कळलं नाही असं समजू नका. पुरतं कळलं. कळूनही ते "बरं" म्हणाले, आणि बाजार येईपर्यंत मागच्या दारानं शाळेत जाऊ लागले. ओट्यावर बसणं बंद केलं. चतुराबाईची हाक आली की गिरिजाबाईंना पुढं करायचे. तोंड चुकवणं गुरुजींना नवीन होतं, आणि ते इतक्या लवकर अंगवळणी पडलं याचीच त्यांना जास्त लाज वाटत होती.

बाजारच्या दिवशी गाळ्यापुढं मांडव उभा राहिला, छोटं स्टेजही. कर्ण्यावरून गुरुजींचं नाव गाजलं. शाल झाली, नारळ झाला, आणि सगळ्यांदेखत नोटांचं पुडकं हातात पडलं. टाळ्या वाजल्या. गर्दीत भाजीची पिशवी घेऊन चतुराबाई उभी होती. तिनं गुरुजींकडं बघून नुसत्या भुवया उंचावल्या: ठेवू का? तेवढ्यात बद्रीनाथ हार घेऊन पुढं आला. गुरुजींनी तिच्याकडं पाहिलं, आणि हारासाठी मान वाकवली. त्या वाकलेल्या मानेत तिला हवं ते उत्तर मिळालं, आणि मिळालं हे गुरुजींनाही दिसलं.

दिवेलागणीला ते तिच्या दारी गेले खरे. ती खुशीत होती. "ठिवले की! तुमी उतरले आन् म्या चढले. लाईन लागली होती नुसती."

"सगळे नव्हते ठेवायचे," गुरुजी चाचरले. "उद्या काढून घेतले तर..."

"अवं, तुमचे काढून दिले न्हाई का बराबर? म्या डोळ्यानं पाह्यलं. बसा, चहा टाकते."

गुरुजींनी चहा घेतला. खरं न सांगताच उठले. त्या चहाची चव पुढं कितीतरी दिवस त्यांच्या जिभेवरून गेली नाही.

पुढच्या बाजाराला शटर खाली होतं. बद्रीनाथ मोटरसायकलसकट गायब झाला होता. वैशाखात बेबीनंदाचं लग्न थाटात झालं, आणि पंगतीत वाढायला चतुराबाई कंबर कसून उभी होती. गुरुजींच्या पानात तिनं आग्रह करकरून वाढलं.

मग एक दिवस तीच ओट्यावर आली. "गुरुजी, अंबडला पोलिसात जायचंय. गाव मला येडी म्हनून राह्यलं. तुमी चौकशी करून आल्ते, तेवढं सायबाला सांगा."

ठाण्यात जमादारापुढं तिनंच सुरुवात केली. "सायेब, ह्ये आमचे गुरुजी. यांनी इचारलं तवा कंपनी बराबरच होती, मागून बिघडली. म्या काय आंधळ्यावानी पैसे न्हाई ठिवले."

"काय सांगितलं होतं तुम्हाला बँकेत?" जमादारानं विचारलं.

गुरुजींनी तिच्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर केवढा भरवसा होता! एक शब्द खोटा बोलले असते, तर तो भरवसा तसाच राहिला असता. पण तिनं उद्याही पंगतीत आपल्याला आग्रह करावा, हे त्यांना सोसणार नव्हतं.

"परवानगी नाही म्हणाले होते," गुरुजी म्हणाले.

"कधी?"

"सत्काराच्या आधी. मी... मी आधी माझे काढले."

जमादाराचा पेन थांबला. चतुराबाई त्यांच्याकडं वळली.

"गुरुजी," ती म्हणाली, "तुमी घरातून निस्ती हाक मारली असती, तरी मला ऐकू आलं असतं."

अंबडच्या स्टँडवर गुरुजी तिच्या मागं उभे राहिले. "पगारातून दर महिन्याला देत जाईन, बाई. सगळे फेडीन."

"द्या. पोरींचे हायेत, मी घेईन," ती वळून न पाहता म्हणाली.

बसमध्ये ती पुढच्या बाकावर बसली. कंडक्टर आला, तशी गुरुजींनी नोट काढून सांगितलं, "दोन शहागड."

"माझं अलग," चतुराबाई म्हणाली, आणि पदराची गाठ सोडू लागली.

कंडक्टरनं गुरुजींना एकच तिकीट फाडून दिलं.