फाटकासमोर अडणारी गाडी

बाबा गेल्यापासून आमची गाडी फाटकासमोरून निघेना. रोज नाही. रोज अडली असती तर एकदाची भंगारात तरी घातली असती. सोमवारी निघायची. मंगळवारी सेल्फ नुसताच फिरत राहायचा, दुखणाईत माणसाने कण्हावं तसा, आणि इंजिन काही धरायचं नाही. मग पंधरा मिनिटांनी, आता शेवटचं म्हणून चावी फिरवावी, तर सुरू!

मागच्या सीटवर नेवेना असायची, तिच्या छोट्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधलेली. चार वर्षांची माझी लेक. तिला बालवाडीत सोडून मला साडेसातला शिवणाच्या कारखान्यात पोचायचं असे. तिथल्या मुकादम दोन्काबाई सगळ्यांदेखत म्हणायच्या, "आली का महाराणी? तुझ्या गाडीपेक्षा माझी सासू लवकर तयार होते गं!" बायका हसायच्या, मीही हसायचे. पण शेवटी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, अजून एकदा उशीर झाला तर तुझ्या मशीनवर दुसरी बसेल.

नवरा परदेशी, लायप्झिगच्या गोदामात कामाला. फोनवर म्हणायचा, "विकून टाक ना." कशी विकू? तीस वर्षं बाबांनी चालवलेली गाडी. आणि अडायची तर ती बाबांच्या शेवटच्या वर्षातही, अधूनमधून. मी चावी फिरवून फिरवून वैतागले की ते घरातून यायचे, पायात सपाता, हातात कॉफीचा कप. बॉनेटवर बोटाने टकटक करायचे. "काय गं म्हातारे, झोपलीस होय? ऊठ, पोरींना उशीर होतोय." मग मला म्हणायचे, "हं, मार आता सेल्फ." आणि गाडी सुरू व्हायची. मागे नेवेना खिदळून खिदळून लाल. मला वाटायचं, जुन्या माणसाला जुन्या यंत्राची नाडी कळते.

आता मीही उतरून टकटक करून पाहिली होती. नेवेना काचेतून नुसती बघत राहायची. हसायची नाही.

तिला मी सांगितलंच नव्हतं. मार्चमध्ये बाबांना प्लोवदिव शहरातल्या दवाखान्यात नेलं तेव्हा म्हटलं होतं, आजोबा बरे होऊन येतील. तेव्हा ते खरंच वाटत होतं. तिसऱ्या दिवशी ते गेले. मातीच्या दिवशी तिला शेजारी ठेवलं. परत आणायला गेले तर तिने विचारलं, "झाले बरे?" आणि माझ्या तोंडून निघालं, "होतायत." ते "होतायत" तीन महिने चाललं होतं. आज सांगू, उद्या सांगू. ती झोपली की तिच्या कपाळावरचे केस मागे सारताना रोज ठरवायचे, आणि सकाळी तिने डोळे उघडले की धीर व्हायचा नाही.

गल्लीच्या टोकाला झेल्योकाकांचं गॅरेज आहे. बाबांचे लष्करातले दोस्त. त्यांनी बॅटरीची टोकं घासली, अर्थिंगची तार बदलली, प्लग बदलले, तीन दिवस गाडी स्वतःजवळ ठेवून घेतली.

"माझ्याकडे तर शहाण्यासारखी वागते बाई तुझी गाडी. वीसदा सुरू केली, वीसदा झाली."

"म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय?"

"तसं म्हटलं का मी? अशी मधूनच अडणारी गाडी म्हणजे दातदुखी असते, पोरी. डॉक्टरचं दार दिसलं की थांबते. तू असं कर, एक वही घाल. अडली की लिही. इंजिन थंड होतं की गरम, पाऊस होता का, टाकीत पेट्रोल किती, उभी कुठे होती. सगळं लिही."

दोन आठवड्यांनी वही नेली. त्यांनी चष्मा लावला आणि बोट ओळीओळीवरून खाली आणलं. "फाटकासमोर. फाटकासमोर. हेही फाटकासमोर. बालवाडीपुढे कधी नाही?"

"कधीच नाही. कारखान्यापुढेही नाही."

"मग उतारामुळे. पेट्रोल मागे सरकत असेल. उद्यापासून तोंड उलटीकडे करून लाव."

उलटी लावली. तशीही अडली.

"मग टाकीतली मोटर," झेल्योकाका म्हणाले. "मागच्या सीटखाली असते, पेट्रोल पुढे ढकलते. अडेल त्या दिवशी चावी अर्धीच फिरव, सेल्फ मारू नकोस. भुंग्यासारखा आवाज यायला पाहिजे. नाही आला, तर तिची तार कुठेतरी सुटतेय आणि जुळतेय. कान देऊन ऐक आणि मला सांग."

शुक्रवारी गाडी अडली.

"नेवे, आता अगदी गप्प बसायचं हं. आईला गाडीच्या पोटातलं ऐकायचंय."

ती गप्पच होती. मी चावी अर्धी फिरवली. काही नाही. मागे घेतली, पुन्हा फिरवली. काही नाही. मी डोळे मिटले, स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. दोन्काबाईंचा चेहरा समोर आला, आणि वाटलं, आता रडले तर पोर घाबरेल. तरी आलंच रडू. तेवढ्यात मागून हलकेच आवाज आला, टक्. डबीचं झाकण लागावं तसा. मी नकळत चावी फिरवली आणि मागच्या सीटखाली भुंगा घुमला.

मी वळले. मागच्या दारात जुन्या पद्धतीची राखदाणी आहे, पत्र्याचा खणच छोटासा. त्यात नेवेनाची दोन बोटं होती.

"काय आहे गं तिथे?"

"काही नाही."

"नेवे."

"गाडीचं झोपायचं बटण," ती मांडीकडे बघत म्हणाली. "आजोबांनी दाखवलं. चोरांना माहीत नाही. तुलापण नाही."

मी उतरले, मागचं दार उघडलं, खण ओढला. आत काळं बटण, आणि बाबांच्या निळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेल्या दोन तारा गालिच्याखाली गेलेल्या. मी लहान असताना आमच्याकडे रस्त्यावरून गाड्या नाहीशा व्हायच्या. जो तो गाडीत पेट्रोल तोडणारं असं काहीतरी लपवून ठेवायचा. बाबा गाडी लावली की दर वेळी मागचं दार उघडायचे, काहीतरी विसरल्यासारखे. आई आणि मी त्यावरून त्यांना किती हसलो असू. आणि शेवटच्या वर्षात त्यांनी नातीला घेऊन त्याचा खेळ केला होता: ते बॉनेट वाजवणार, ती बटण दाबणार.

मला आधी रागच आला. "अगं पण का? आईला उशीर होतो, बोलणी खावी लागतात. कळत नाही तुला?"

"गाडी झोपली की आजोबा येतात."

मी खणावरचा हात काढला.

"मी खूप वेळ थांबते," ती म्हणाली. "पण ते येतच नाहीत. मग तू डोकं ठेवून रडतेस ना, तेव्हा मी गाडीला उठवते."

आणि मग अगदी हळू, "आई, ते हरवलेत ना?"

"हरवलेत? कोण म्हणालं?"

"फोटो लावलेत की."

तिने बोट दाखवलं. आमच्या फाटकावर काळ्या चौकटीचा श्रद्धांजलीचा कागद, बाबा जाऊन चाळीस दिवस झाले तेव्हाचा. त्याच्या शेजारी तीन महिन्यांचा नवा, परवाच मी लावलेला. समोरच्या खांबावर तोच. बेकरीच्या दारावर, बसथांब्यावर, सगळीकडे बाबा, टाय लावलेले. नेवेनाला अजून वाचता येत नाही.

"खाटिककाकांची कुत्री मीला हरवली तेव्हा तिचापण फोटो खांबावर लावला होता. मग ती सापडली."

तीन महिने मी या पोरीचा हात धरून त्या कागदांपुढून चालत होते. "होतायत" म्हणत.

मी रस्त्यावरच गुडघे टेकले. खडी रुतत होती. "नेवे, हा हरवल्याचा कागद नाही गं. माणूस मेलं की हा लावतात. आजोबा मेले. मार्चमध्येच. मी खोटं बोलले तुझ्याशी."

ती फाटकाकडे बघत राहिली.

"मग त्यांना ऐकू येत नाही?"

"नाही."

"गाडीने खूप जोरात आवाज केला तरी?"

"तरी नाही, बाळा."

ती रडली नाही. तिने तळहाताने तो खण हळूच आत ढकलला, आणि म्हणाली, "चल. तुला उशीर होईल."

उशीर झालाच. दोन्काबाईंनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जा, बस मशीनवर." संध्याकाळी झेल्योकाकांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! त्या दिवसांत असली पन्नास बटणं मीच बसवली. आणि तुझ्या बाबाच्या, स्तामेनच्याच गाडीत असेल हे सुचू नये? काढून टाकू? आता हा खटारा कोण चोरायला येतंय?"

मी म्हटलं, राहू दे.

त्याला आता सहा आठवडे झाले. गाडी रोज पहिल्या फटक्यात सुरू होते. मी नेवेनाचे पट्टे लावते, पुढे येऊन बसते, चावी घालते, आणि थोडी थांबते. चार-पाच मिनिटं हाताशी ठेवूनच हल्ली निघते. मागे टक् होतंय का, कान देऊन बसते. ती खिडकीतून बाहेर बघत असते, हात मांडीवर.

"आई, चल ना," ती म्हणते.

मग मी चावी फिरवते, आणि गाडी सुरू होते.